विचारा की, अण्णा! : मेव्हण्यानं दुबईहून आणलेला सिगार

गेल्या अंकात बोलता बोलता मी एवढंच लिहिलं होतं, की आमची निपाणीत तंबाखूची वखार होती आणि पान चुरगाळून, वास घेऊन कस सांगायची विद्या मला वडिलांकडून मिळाली. झालं! या खेपेच्या पत्रांत गुडघेदुखी नाही, शेताचा उतारा नाही, सुनेची तक्रार नाही. निम्म्याच्या वर पत्रं सिगारची. आपल्या बेळगाव भागातली पोरं आखातात, जहाजांवर, गोव्याच्या हॉटेलांत कामाला असतात. येताना पूर्वी टेपरेकॉर्डर आणायची, आता हे आणतात. असो. निवडक पत्रं घेतो, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधावं.

प्रश्न : अण्णा, नमस्कार. मी खानापूरचा. वय छत्तीस, हार्डवेअरचं दुकान आहे. मेव्हणा दुबईला असतो, तो लाकडी डबीत पाच सिगार देऊन गेलाय. डबीवर ‘रोबुस्तो’ लिहिलंय. हातानं वळलेले आहेत, भारीतले आहेत, असं तो म्हणाला. दिवाळीत साडू, मेव्हणे सगळे आमच्याकडे जमणार, तेव्हा पेटवायचं ठरलंय. मला सिगारेटचं व्यसन नाही, कॉलेजात थोड्या ओढल्या असतील तेवढ्याच. पहिल्यांदा ओढताना फजिती होऊ नये म्हणून काय करावं? ठसका लागतो का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिली गोष्ट, साडूंच्या पुढ्यात पहिला सिगार पेटवू नका. साडू हा जन्मजात परीक्षक असतो. तुमचा चेहरा हिरवा-पिवळा झाला की पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात तो किस्सा निघेल. ओढायचाच असला तर आधी एखाद्या रविवारी, जेवण झाल्यावर, गच्चीवर किंवा परड्यात, एका शहाण्या मित्राला सोबत घेऊन बसा. आणि नाही ओढलात तरी काही बिघडत नाही. ज्याचं घर तंबाखूवर चाललं तो माणूस हे सांगतोय. डबी शोकेसात ठेवली तरी साडूंवर व्हायचा तो परिणाम होईलच.

आता हातात काय आहे ते समजून घ्या. हातानं वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये कागद नसतो, चुरा नसतो, सगळी अख्खी किंवा लांब पानं असतात. पोटात तीन-चार प्रकारची पानं चुणून घातलेली. झाडाच्या शेंड्याकडचं पान ऊन जास्त खातं, ते जाड आणि कडक, खालचं पान पातळ, ते नीट जळतं, मधलं वासाचं. त्यांची जुळणी हाच त्या कंपनीचा मसाला. त्यावर एक बांधणीचं पान, आणि सगळ्यांत वर अंगरख्याचं पान, रेशमासारखं, शिरा न दिसणारं. आपल्याकडं निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात रोपाचा शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. क्यूबात, निकाराग्वात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही हेच करतात. त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला यातलं निम्मं आधीच कळतं, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं.

रोबुस्तो हे मापाचं नाव आहे. साधारण पाच इंच लांब आणि जाडी पन्नास. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे पाऊण इंचाहून थोडी जास्त. असा सिगार नीट ओढला तर पाऊण तास ते तास जातो. एवढा वेळ हाताशी नसेल तर पेटवूच नका. घाईत ओढलेला सिगार तापतो, कडू होतो आणि मग डोकं धरतं.

पेटवण्याआधी दोन बोटांत धरून हलकेच दाबून बघा. सगळीकडं सारखा लवचिक लागला पाहिजे. कुरकुर वाजला तर सुकलाय. एखाद्या ठिकाणी गाठ लागली तर तिथं पानं गच्च भरलीत, ओढ लागणार नाही. आमच्याकडं तंबाखू रानात उन्हावर वाळवल्यावर पहाटेच्या दवावर गोळा करतात. दव पडलं की पान मऊ येतं. दुपारच्या उन्हात हात लावला की त्याचा भुगा. तीच परीक्षा इथं.

एका टोकाला गोल टोपी असते, ते तोंडात धरायचं टोक. ती टोपी म्हणजे वरच्या पानाचाच डिंकानं चिकटवलेला गोल तुकडा. तो थोडासाच कापायचा, दीड-दोन मिलिमीटर. टोपी जिथं संपते ती बारीक रेघ नीट बघितली की दिसते. तिच्या खाली पातं गेलं की वरचं पान उलगडायला लागतं आणि तोंडात तंबाखूचे तुकडे येतात. कातर, म्हणजे सिगार कटर, दोन पात्यांची मिळते. नसेल तर दाढीचं नवीन ब्लेड चालेल, पण एका झटक्यात, करकर घासत नाही. तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून मुद्दाम सांगतो, दुकानातली पत्रा कापायची कात्री आणू नका. दातानं तर मुळीच तोडू नका.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब काडी घ्या. पेट्रोलच्या लायटरचा वास पानात बसतो. काडी ओढल्याबरोबर लावायची नाही, गुलाचा गंधक जळून जाऊ द्यायचा. देवघरातली समई आणि घरातला गॅसचा चुलखंड या दोन्ही गोष्टी या कामातून वगळा; पहिल्यातून तेलाची काजळी आणि दुसऱ्यातून बायकोची बोलणी मिळतील. सिगार तिरका धरायचा, ज्योत टोकाला टेकवायची नाही, खाली अर्धा-एक इंच ठेवायची आणि सिगार सावकाश फिरवत राहायचं. कडा काळपट होऊन लालसर झाल्या की मग तोंडात धरून, ज्योत समोर ठेवून, दोन-तीन हलके झुरके. टोकावर फुंकर मारून बघा, सगळीकडं सारखा निखारा दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर तेवढीच परत शेकवा.

आता ठसक्याचं. ठसका लागतो तो धूर छातीत घेतला तर. सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नाही. चूळ भरल्यासारखा तोंडात घ्यायचा, जिभेवरून, टाळ्यावरून फिरवायचा आणि सोडून द्यायचा. कॉलेजातली सिगारेट आठवून तुमचा श्वास आपोआप आत ओढला जाईल, सवयीचा भाग आहे. म्हणून पहिले काही झुरके अगदी लहान घ्या. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नको. मधे गप्पा मारा, सिगार हातात राहू दे. राख सिगारेटसारखी टिचक्या मारून झाडायची नाही. लांब पानाच्या सिगारची राख इंचभर तशीच टिकते आणि निखारा थंड ठेवते. तिचा भार झाला की ताटलीच्या कडेला टेकवा, आपण होऊन गळेल. विझला तर घाबरू नका, राख काढून परत पेटवा. भोवतीची कागदी पट्टी मात्र सुरुवातीला ओढून काढू नका; तिचा डिंक पानाला लागलेला असला तर वरचं पान फाटतं. पट्टीपर्यंत ऊब आली की ती सैल होते.

चवीबद्दल लोक फार बोलतात. कोको, चामडं, कॉफी, मिरी, काय काय. तुम्हाला पहिल्यांदा तंबाखूची चव लागेल आणि तेच बरोबर आहे. दुसऱ्या तिसऱ्या भागात काहीतरी बदलतंय एवढं कळलं तरी पुष्कळ. पहिला भाग सौम्य, मधला भरदार, शेवटचा तिखट, कारण सगळा डांबर आणि निकोटिन मागं मागं सरकत येऊन तिथं साठतं. शेवटचा तिसरा भाग ओढायलाच पाहिजे असा कुठं नियम नाही. नकोसं वाटलं तिथं खाली ठेवा. चिरडायचं नाही, चिरडला की घरभर वास राहतो. ताटलीत ठेवला की आपला आपण विझतो.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढा वेळ दवडला ते. तंबाखू लागणं. वखारीत नवीन माणूस कामाला आला की पहिल्या आठवड्यात हे हमखास व्हायचं, तेही न खाता, न ओढता, नुसत्या उडणाऱ्या भुकटीनं. आधी तोंडाला पाणी सुटतं. मग कपाळावर गार घाम. कानांत गुणगुण, पोटात कालवाकालव, हात गार, आणि उभं राहिलं की घेरी. धूर छातीत घेतला नाही तरी होतं हे, कारण सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. उपाशीपोटी तर नक्की होतं. म्हणून भरपेट जेवणानंतरच बसायचं, शेजारी पाण्याचा तांब्या आणि काहीतरी गोड ठेवायचं. आपल्याकडं बेळगावचा कुंडा असताना दुसरं काय शोधायचं? पहिलं तोंडाला पाणी सुटलं की तिथंच थांबा. खाली ठेवा, गोड खा, पाणी प्या, वाऱ्यावर बसा. ‘एवढा महागाचा आहे, टाकू कसा’ हा विचार करणारा माणूस पाच मिनिटांनी मोरीत वाकलेला असतो. उलटी झाली, घेरी आली आणि थोड्या वेळात ओसरली नाही, किंवा छातीत धडधड, दुखणं वाटलं तर डॉक्टर गाठा.

सोबत दारू घेतील तुमचे साडू. चित्रात तसंच असतं, एका हातात ग्लास, एका हातात सिगार. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेइतका राहत नाही, त्याहून जास्त वाढतो. पहिल्या खेपेला तर अजिबात नको, कारण घेरी कशाची आली तेच कळायचं नाही. बिनदुधाचा चहा चांगला.

प्रश्न : अण्णा, आमचे हे सिगारेट सोडून सिगारवर आलेत. महिन्याला तीन-चार ओढतात. म्हणतात, ‘धूर आत घेत नाही, तेव्हा धोका नाही. शिवाय यात केमिकल नसतं, शुद्ध पान असतं.’ खरं आहे का? घरात लहान मुलं आहेत.
– एक गृहिणी, अथणी

उत्तर : ताई, खरं नाही. शुद्ध पान हे खरं, पण पान जळलं की जे तयार होतं ते शुद्ध पानातूनही होतं. पान आंबवतानाच त्यात नायट्रोसामाईन नावाची कर्करोगकारक द्रव्यं वाढतात आणि जळताना डांबर, कार्बन मोनॉक्साईड वेगळं. एका मोठ्या सिगारमध्ये पाच ते सतरा ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. म्हणजे काही सिगार अख्ख्या पाकिटाच्या बरोबरीचे. धूर छातीत न घेणाऱ्याला फुप्फुसाचा धोका रोज सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी, हे मान्य. पण तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचा आहे तो आहेच. त्यातून जो आधी सिगारेट ओढत होता, तो सिगारचाही धूर नकळत आत ओढतो. ही सवय इतक्या सहज जात नाही.

सिगारेट सुटली याबद्दल त्यांचं कौतुक करा, मग पुढचं पाऊल मागा. आणि मुलांचं म्हणाल तर तडजोड नको. सिगारचा धूर जास्त वेळ निघतो आणि पडद्यांत, गाद्यांत बसतो. घरात नाही, गाडीत नाही, खिडकीशी उभं राहूनही नाही. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यातलं काही दिसलं तर थांबू नका, दाखवा. बेळगावात तपासणीची सोय आहे.

प्रश्न : गोव्याला गेलो होतो. किनाऱ्यावरच्या एका दुकानात ‘अस्सल क्यूबन’ म्हणून काचेचं झाकण असलेल्या डब्यातून सुटा सिगार सातशे रुपयांना मिळाला. क्यूबाचा एवढ्यात मिळतो का? आणि क्यूबाचाच चांगला असतो का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : काचेचं झाकण म्हटलंत तिथंच निकाल लागला. क्यूबाचे नावाजलेले सिगार काचेच्या झाकणाच्या डब्यात येत नाहीत. खऱ्या डब्यावर सरकारी हमीची हिरवट पट्टी असते आणि तळाला लाकडात तापवून उमटवलेले शिक्के असतात. त्यांत ‘एचो एन कूबा’ आणि ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे पूर्ण हातानं वळलेला, हे शब्द वाचून घ्या. आणखी एक खूण आपल्या देशातली: इथं रीतसर विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या डब्यावर पंच्याऐंशी टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र लागतं. दुकानात ते चित्र नसलेला डबा दिसला की तो कोणत्या वाटेनं आला याचा विचार करा. स्वतःसोबत विमानानं आणायचे असतील तर मोठ्या माणसाला पंचवीस सिगारपर्यंत सूट मिळते.

क्यूबाचं कौतुक फुकट नाही. पिनार देल रिओ भागातल्या व्हुएल्ता आबाहो नावाच्या पट्ट्यातली लाल माती तंबाखूसाठीच जन्माला आली असावी. पण निम्मं कौतुक राजकारणानं वाढवलं. 1962 साली अमेरिकेनं क्यूबाच्या मालावर बंदी घातली. त्या कागदावर सही करायच्या आधी केनेडींनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना सिगार गोळा करायला पाठवलं आणि बाराशे हाती लागल्यावरच सही केली, हे सॅलिंजर यांनीच पुढं सांगितलंय. जे मिळत नाही त्याची चव वाढते, एवढंच. क्रांतीनंतर बरेच जुने कारखानदार देश सोडून गेले आणि त्यांनी डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथं बस्तान बसवलं. त्यामुळे मोंतेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास, कोहिबा ही नावं क्यूबाचीही मिळतात आणि क्यूबाबाहेरचीही. नवख्याला मी तर डॉमिनिकनचा, फिकट अंगरख्याचा सौम्य सिगार सुचवीन. सातशे रुपयांच्या ‘क्यूबन’मध्ये बहुधा केळीचा पाला नसेल एवढीच खात्री देतो.

आपल्या देशातही ही विद्या होती, हे विसरू नका. त्रिचीचे चिरूट एके काळी विलायतेला जायचे. व्यापाराच्या निमित्तानं मी दिंडिगलकडं जायचो तेव्हा तिथल्या बायका-माणसांना मांडीवर फळी घेऊन चिरूट वळताना पाहिलंय. त्याला टोपी नसते, दोन्ही टोकं सपाट कापलेली. चव रांगडी, पण पानाची.

प्रश्न : काका, मी एकोणीस वर्षांचा आहे, बेळगावात इंजिनिअरिंग करतो. आमच्या ग्रुपला एकदा सिगार ट्राय करायचाय. कुठं मिळेल?
– एक विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : तुला मिळायला नको. कर्नाटकानं तंबाखू कायद्यात केलेली दुरुस्ती 2025 पासून लागू आहे. वय एकवीसच्या खाली असेल तर दुकानदारानं विकणंच गुन्हा. सार्वजनिक जागी ओढलं तर दंड दोनशेचा हजार झालाय. वर्गणी काढून खानावळीत जेवा.

प्रश्न : अण्णा, माझी आई आणि आजी निपाणीत आयुष्यभर बिड्या वळत आल्या. हजार बिड्या वळल्या की मजुरी. माझा भाऊ मुंबईत मोठ्या हॉटेलात आहे, तो सांगतो तिथं एक सिगार तीन-चार हजाराला जातो. दोन्ही तंबाखूच, दोन्ही हातानंच वळलेले. मग एवढा फरक कशाचा? लुबाडणूकच ना ही?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लुबाडणूक आहे, पण तुम्ही म्हणता त्या जागी नाही.

आधी सिगारची किंमत कुठं जाते ते. पान खुडल्यावर ते हवेशीर कोठारात महिना-दीड महिना टांगून वाळवतात. मग त्याचे माणूसभर उंचीचे ढीग मारतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता चढते, अमोनिया बाहेर पडतो, पानाचा तिखटपणा मरतो. फार तापलं तर ढीग मोडून आतलं पान बाहेर, बाहेरचं आत. असं पुन्हा पुन्हा. त्यानंतर पान वर्ष, दोन वर्षं, काही तर त्याहून जास्त नुसतं पडून असतं. व्यापारी म्हणून सांगतो, पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल, आणि त्याचं व्याज गिऱ्हाईकच भरतं. पुढं वळणारा कसलेला कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळतो. त्यावर जहाज, आयात कर, जीएसटी, दुकानदार, आणि शेवटी तुमच्या भावाच्या हॉटेलातली खुर्ची. तिथं एका सिगारमागं किती पैसे पानाचे आणि किती खुर्चीचे, हे तुमचा भाऊ माझ्यापेक्षा नीट सांगेल.

आता बिडी. टेंभुर्णीचं पान रात्री भिजत घालायचं, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायचं, मांडीवर सूप घेऊन त्यात जर्दा. एक चिमूट, न बघता, पण प्रत्येक खेपेला तेवढीच. वळून, टोक बोटाच्या नखानं मुडपून, दोऱ्याचा वेढा. तुमच्या आईचे हात कधी जवळून बघा. उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं किंवा त्यावर धातूची टोपी, आणि तर्जनीला दोऱ्याचा घट्टा. चिमूट जास्त झाली तर बिडीला ओढ लागत नाही, कमी झाली तर विझते. सिगार वळणाऱ्याची परीक्षा याहून निराळी नाही. क्यूबाचा माणूस शंभर करतो, ही बाई दिवसभरात सातशे-आठशे, हजारही करते, आणि संध्याकाळी तपासनीस त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतो. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि बिडीही परत मिळत नाही. ही लुबाडणूक.

आपल्याकडं 1966 साली कायदा झाला त्याचं नावच ‘बिडी आणि सिगार कामगार’ असं होतं, दोघांना एका ओळीत बसवलेलं. पण बिडी घरोघरी वळली जाते, आणि घरात बसलेल्या बाईची हजेरी कुठं लागणार? निपाणीत वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, मजुरीसाठी, शौचालयासाठी, माणसासारखं बोलावं म्हणून भांडल्या. आमच्याही वखारीच्या दारात घोषणा झाल्या. वडील तेव्हा चिडले होते, मला मनातून त्या बायकांचं पटत होतं. शेतकऱ्यांचंही तेच. 1981 ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्गावर ठिय्या मारला, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. पानाला किंमत द्यायची म्हटलं की ती नेहमी वरच्या टोकाला जाऊन बसते, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

क्यूबातली एक गोष्ट मात्र मला हेवा वाटावा अशी आहे. तिथं 1865 पासून कारखान्यात एक वाचक असतो. उंच जागी बसून सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि कामगार वळता वळता ऐकतात. सुरुवातीला त्याचा पगार कामगारच वर्गणीनं देत. कुठली कादंबरी वाचायची तेही कामगारच ठरवत. मोंतेक्रिस्तो हे 1935 सालचं नाव तिथं फार आवडलेल्या एका कादंबरीवरूनच पडलंय. निपाणीच्या वखारीत बायका पाला निवडताना ओव्या म्हणायच्या, धूळ नाकात जाऊ नये म्हणून पदर तोंडाला बांधलेला, त्यातूनच. आईंना त्यातल्या आठवत असतील तर लिहून घ्या आणि मला पाठवा, या सदरात छापू.

प्रश्न : मुलानं ह्यांना सिगारचा डबा भेट दिलाय. हे वर्षातून एखादाच ओढतात. पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून मी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला. आता एकावर पांढरं काहीतरी आलंय आणि दुसऱ्याला टाचणीएवढी भोकं दिसतात. फेकून द्यावेत का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : वहिनी, डबा आधी फ्रिजमधून बाहेर काढा. फ्रिज पान कोरडं करतो आणि कोथिंबीर-लसणाचा वास लावतो. सिगारला हवेत साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ती त्याच्या खूपच वर आणि मार्च-एप्रिलला एकदम खाली. म्हणून चांगल्या बंद होणाऱ्या काचेच्या बरणीत किंवा प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवा आणि सोबत ओल सांभाळणारी पुडी टाका. पासष्ट किंवा एकोणसत्तर आकडा छापलेली ऑनलाइन मिळते. ती जास्तीची ओल शोषते आणि कमी पडली तर सोडते. डब्यातली लाकडाची पातळ पट्टी फेकू नका. त्याला सीडर म्हणतात, पण ते झाड देवदाराचं नाही, आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं आहे. किडीला दूर ठेवतं आणि वासही चांगला. डांबरगोळी मात्र जवळपास नको.

पांढरं पुसून बघा. लोकरीसारखं, उठून आलेलं, हिरवट-निळसर झाक असेल तर बुरशी; तो सिगार गेला. पेटवायच्या टोकाला आतून दिसत असेल तर विचारच करू नका. भोकं म्हणजे तंबाखूचा किडा. तपकिरी, मिरीच्या दाण्याहून लहान. आमच्या वखारीचा जुना शत्रू. हळद, मिरची, आलं यांतही शिरतो. अंडी पानातच असतात आणि ऊब मिळाली की फुटतात. भोकं पडलेला सिगार टाका. बाकीचे दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये तीन दिवस, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर; पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पाणी सुटून वरचं पान तडकेल. आणि डबा ज्या कपाटात ठेवणार त्यात वर्षाची हळद ठेवलेली असेल तर तीही एकदा चाळून बघा.